गराजमधला कोबा

काका कुणाच्याही घरी गेले की आधी बूट काढायचे, मग मोजे काढून घडी करून कोटाच्या खिशात ठेवायचे, आणि मग उजव्या टाचेने जमिनीवर ठोका द्यायचे. एक उंबऱ्याशी, एक मधोमध, एक वॉशरूमच्या दाराशी. यजमान चहाचं विचारत असायचे आणि काका मान तिरकी करून ऐकत असायचे. मग निकाल. "इथे पोकळ आहे." कॅनडातल्या ब्रॅम्पटनमधली बरीचशी मराठी घरं त्यांच्या लेखी पोकळ होती. एका वास्तुशांतीला तर गुरुजींचे मंत्र चालू असताना त्यांनी मागे उभं राहून ठोका दिला आणि घरमालकाच्या कानात सांगितलं, "ही टाइल वर्षभरात उचलेल." टाइल उचलली की नाही मला माहीत नाही. त्या घरचं बोलावणं पुन्हा आलं नाही, एवढं माहीत आहे.

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. फोनकार्ड खरवडून घरी फोन करायचे ते दिवस. नवरा अजून पुण्यात, त्याचे इमिग्रेशनचे पेपर अडकलेले, मी एकटी पुढे आलेली. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वडील काय करतात?" हा प्रश्न कुठून येतो आणि कुठे जातो, मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, "सोलापूरला मिलमध्ये होते. मिल बंद पडली. आई विड्या वळते. कॉलेजचं तोंड बघितलेली आमच्या घरात मी पहिली." हे मी खाली मान घालून सांगत नाही, कुणालाच.

काका म्हणाले, "आणि घरात खाली काय आहे? फरशी की कोबा?"

"शहाबादी फरशी."

"वाजते?"

"नाही वाजत."

"मग बसवणारा बरा होता," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात किल्ली दिली. जातीपातीचं, खाण्यापिण्याचं पुढे काही निघालं नाही. म्हणून मी तिथे टिकले.

ते मूळचे पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. सत्तरच्या दशकात कॅनडात आले आणि रिटायर होईपर्यंत काँक्रीट तपासण्याचं काम केलं. साइटवर ट्रक आला की नमुना घ्यायचा, पसंत पडला नाही तर अख्खा ट्रक परत. 'रिजेक्ट' म्हणताना त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. नोकरी संपली तरी तो शब्द सुटला नाही. ग्रोसरीतली केळी रिजेक्ट, माझा भात रिजेक्ट, मुलाने कॅल्गरीहून पाठवलेला स्वेटर रिजेक्ट. मला चिडवायचे, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बरं असतं. चुकलं की पुसलं. आमचं चुकलेलं लोकांना जन्मभर तुडवावं लागतं."

दुसरं वेड पाण्याचं. ओतलेल्या काँक्रीटला दिवसचे दिवस ओलं ठेवावं लागतं, तरच ते भक्कम होतं. आपल्याकडे प्रत्येक गवंडी त्याला पाणी मारणं म्हणतो. काका म्हणायचे, "ओतणं म्हणजे नुसता जन्म. वाढवायचं पाण्याने." शेजारच्या जमैकन बाईने एका उन्हाळ्यात दारापुढे काँक्रीटची नवी पायवाट करून घेतली. काका न सांगता रोज आपली बागेची नळी घेऊन जायचे आणि त्या पायवाटेला पाणी मारून यायचे. ती बाई मला म्हणाली, तुझा अंकल माझ्या पायवाटेवर फुलं यायची वाट बघतोय का?

काकू सांगायच्या तो किस्सा यावरचा. लग्नाच्या आदल्या दिवशी धरणावर स्लॅब ओतला होता. मजूर सगळे साहेबांच्या लग्नाला आलेले. सप्तपदी झाली आणि नवरदेवाच्या लक्षात आलं की तिकडे पाणी मारायला कुणीच नाही. "हे मुंडावळ्यांसकट जीपमध्ये बसून गेले. मी पंगतीत एकटी. माझ्या मावशीने विचारलं, जावई कुठे? सांगितलं, सवतीला पाणी पाजायला गेलेत." काकू हे सांगताना प्रत्येक वेळी हसायच्या. काका प्रत्येक वेळी म्हणायचे, "पण त्या स्लॅबला आजवर केसाएवढीही भेग नाही."

हसण्यासारखं होतं ते एवढंच.

काकूंचे पाय कायम गार. इथे आल्यापासून गार, असं त्या म्हणायच्या. डायबिटिस होताच. पण घरात चप्पल घालायच्या नाहीत, कारण स्वयंपाकघरातच देव. मोजे घालायच्या, दोन-दोन, आणि जोडवी काढायच्या नाहीत, त्यामुळे झाडून सगळ्या मोज्यांना दुसऱ्या बोटाशी भोक. त्या भोकातून जोडवं बाहेर डोकावायचं. आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात फरशीवर पाणी शिंपडून त्यावर निजतात. गार फरशी हे तिथलं सुख. इथे या बाईला साधी उबदार जमीन हवी होती. खाली मांडी घालून बसावं, देवांपुढे जप करावा, भाजी निवडावी. तेवढ्यासाठी काकांनी त्यांना कधीकाळी वचन दिलं होतं. गराजची खोली करायची, जमिनीत गरम पाण्याचे पाईप फिरवायचे आणि वरून कोबा घालायचा.

पाईप आले, ते वेटोळ्यांत बांधून झाले. मोठं शटर काढून तिथे भिंत आणि दार बसलं. परवाना आला. गाडी कायमची बाहेर बर्फात गेली. अडलं कोब्यापाशी. वाळू-सिमेंटचा जाड कोबा घालावा, की जिप्समचा पातळ, जो ताकासारखा आपोआप पसरतो? सिमेंट भक्कम, पण जाडी जास्त, तापायला वेळ, आणि घातल्यावर गरम पाणी सोडायला फार थांबावं लागतं. जिप्सम पाईपांना सगळीकडून बिलगतं, ऊब चटकन वर येते, पण पाण्याशी त्याचं हाडवैर. हे सगळं मला काकांनीच शिकवलं, मी विचारलं नसताना.

मग नमुने. दह्याच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळी मिश्रणं ओतून त्यांच्या वड्या पाडलेल्या, बेसमेंटच्या खिडकीत रांगेने. रविवारी सकाळी ते एका परातीत गरम पाणी घ्यायचे, त्यात वड्या ठेवायच्या आणि प्रत्येक वडीवर थिजलेल्या तुपाचा गोळा. कुठलं तूप आधी पाघळतं ते बघत बसायचे. जिप्समवरचं आधी पाघळायचं, दर वेळी. तरी ते म्हणायचे, "पुढच्या रविवारी परत बघू." काकू वरून ओरडायच्या, "तूप संपवू नका हो. यांचा कोबा ठरेपर्यंत मी काही राहत नाही."

मुलाचा फोन स्पीकरवर असायचा. तो इंग्रजीतच बोलायचा. "डॅड, जस्ट बाय हर सम स्लिपर्स."

काका माझ्याकडे बघायचे. "ऐकलंस? इंजिनिअरचा मुलगा."

असे हिवाळे गेले. मग एका मार्चमध्ये काकू स्वयंपाकघरात पडल्या. स्ट्रोक. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटलमधून त्यांना नर्सिंग होममध्ये हलवलं. काकांचं घर म्हणजे सगळ्या पायऱ्याच. पुढच्या दाराला पायऱ्या, बेडरूमला पायऱ्या. व्हीलचेअर सरळ आत जाईल अशी जागा एकच, गराजची खोली. म्हणजे जे आधी सुख होतं ते आता गरज झालं. कोबा झाला तर काकू घरी, नाही तर नाही. इतकी सरळ गोष्ट होती.

मी रविवारी मऊ भात आणि मेतकूट घेऊन जायचे. काकूंना दोनच शब्द परत आले होते. काका खोलीत शिरले की त्या म्हणायच्या, "घरी कधी?" पायावर नर्सिंग होमचे निळे रबरी ठिपक्यांचे मोजे. भोक नसलेले. पाय सुजले म्हणून जोडवी काढून काकांच्या हातात दिलेली.

काकांनी त्या उन्हाळ्यात, मी ओळखत होते तेवढ्या काळात पहिल्यांदा, झटक्यात निर्णय घेतला. जिप्सम. लवकर वाळतं, लवकर तापवता येतं. दिवाळीला काकू घरी. नर्सिंग होममध्ये त्यांच्या पलंगाशी बसून त्यांनी सगळं समजावलं, जणू त्यांची मंजुरी हवी होती. "जिप्सम आहे बरं का. याला पाणी मारायचं नसतं. एक थेंबसुद्धा नाही. खिडक्या उघडायच्या आणि गप्प बसायचं." काकूंचं अर्धं तोंड हसलं. त्या सवतीची आठवण झाली असावी.

ओतणारा कॉन्ट्रॅक्टर पंजाबी होता. काकांनी त्याच्याकडून लेव्हल इतक्या वेळा तपासून घेतली की तो म्हणाला, "अंकल जी, गराज बना रहे हो या मंदिर?" काका म्हणाले, "मंदिर होता तो इतना नहीं देखता." पंप लागला, पांढरट खीर पाईपांवरून पसरत भिंतीपर्यंत गेली, आणि दुपारपर्यंत आरशासारखी जमीन तयार. जाताना तो सांगून गेला, "बस, अब हाथ मत लगाना." काका त्याला हसले. हे त्यांना शिकवायचं?

त्यानंतरचे दिवस काकांना काही सुचेना. सकाळी दारात उभे, दुपारी दारात उभे. करण्यासारखं काही नव्हतंच. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ओतलेल्या प्रत्येक गोष्टीला पाणी पाजलं, त्याला नुसतं बघत बसायचं होतं. मला म्हणाले, "वाळतंय म्हणजे मरतंय असं वाटतं गं." मी म्हटलं, "काका, तुम्ही फिरायला जा." त्याहून जास्त काही मला कळलं नाही.

सप्टेंबर संपत आला होता, पण त्या दिवशी ऊन चांगलं होतं. कामावरून येताना बसमधून उतरले तर लांबूनच दिसलं. बागेची हिरवी नळी घराला वळसा घालून गराजच्या उघड्या दारातून आत गेली होती.

काका उंबऱ्यात उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अनवाणी. आत जमीनभर काकूंच्या सुती साड्या पसरलेल्या. इरकल, नारायणपेठ, एक फिकी पडलेली अंजिरी. ताज्या काँक्रीटवर ओलं गोणपाट पसरतात तशा, कडेला कड लावून. सगळ्या चिंब. दाराशी टॉवेलांच्या गुंडाळ्यांचा बांध, आणि साड्यांवर पाणी तुंबलेलं.

"ये, ये," ते म्हणाले. "बघ कसा पितोय."

"काका..."

"सकाळी पाहिलं तर कडेने पांढरा पडायला लागला होता. तहानलेला. आता इथे गोणपाट कुठून आणू? साड्या काढल्या. तिला सांगू नकोस हं."

मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. चेहरा पार तरुण दिसत होता. मुंडावळ्या बांधून जीपमधून गेले तेव्हा असेच दिसत असतील.

मी म्हटलं, "काका, हे जिप्सम आहे ना?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या नळीकडे, ती दुसऱ्याच कुणी हातात दिल्यासारखी. ओरडले नाहीत, धावले नाहीत. घराला वळसा घालून गेले, नळ बंद केला, नळी गुंडाळून खुंटीला लावली. मग येऊन खाली वाकले, अंजिरी साडीचं एक टोक उचललं आणि जमिनीवर अंगठा दाबला. पेढ्यावर उमटतो तसा अंगठा उमटला.

"रिजेक्ट," ते म्हणाले. मला ऐकूही आलं नाही, ओठ दिसले.

लोकांनी नंतर पुष्कळ तर्क लढवले. कुणी म्हणालं वय झालं, विसरायला लागलेत. मुलगा फोनवर "डॅड, डू यू नीड अ चेकअप?" म्हणाला. काही विसरले नव्हते ते. पुढेही त्यांना मिश्रणांची प्रमाणं तोंडपाठ होती. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. माझी आई डोळे मिटून विडी वळते. तिचे हात कुणी थांबवून दाखवावेत.

त्या रविवारी काकूंनी विचारलं, "घरी कधी?"

काका म्हणाले, "वाळतंय."

वाळलं. पण वरचा थर खडूसारखा भुसभुशीत राहिला, हात फिरवला की पांढरा व्हायचा, आणि मध्यावर पोकळी धरली. फोडायची तर आत पाईप; घण घातला की पाईपही फुटणार. सगळंच काढून पहिल्यापासून करायचं म्हणजे वसंत ऋतू उजाडणार. कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला. त्याने काकांना एका शब्दानेही बोल लावला नाही. म्हणाला, "ऊपर प्लाय डालो, कार्पेट डालो, आंटी को ले आओ. हीटिंग तो चल रही है. किसको पता चलेगा?"

"मुझे," काका म्हणाले.

मीही सांगून पाहिलं. एकदा नाही, दर आठवड्याला. "काका, काकूंना कोबा दिसणारच नाही. गालिचा दिसेल. पाय गरम राहतील."

ते मला एरवी 'तू' म्हणायचे. चिडले की 'तुम्ही' करायचे. "तुम्ही कॉम्प्युटरवाले. वरून झाकलं की झालं काम. मी जन्मभर लोकांचे ट्रक परत पाठवले. आणि माझ्या बायकोला आणू रिजेक्ट झालेल्यावर?"

मी म्हटलं, "ट्रक परत गेला की दुसरा येतो, काका."

ते वळून निघून गेले. मला वाटलं, लागलं. आणि लागलं असेल तर बरंच झालं, असंही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी खिडकीत दह्याचे डबे पुन्हा रांगेने मांडलेले दिसले. आता सगळे सिमेंटचे. "एप्रिलमध्ये ओतू," ते म्हणाले. "या वेळी घाई नाही."

दिवाळी नर्सिंग होममध्ये झाली. मी चकल्या नेल्या होत्या, त्यांना गिळता येत नव्हत्या. बर्फ सुरू झाला. काका रोज बसने जायचे, बसने यायचे, आणि आल्यावर गराजचं हीटिंग चालू आहे ना ते बघायचे. बंद केलं नव्हतं. पाईप गोठतील असं कारण सांगायचे. त्या रिकाम्या खोलीत सबंध हिवाळा गरम पाणी फिरत होतं. कुठून तरी फटीतून ऊब निसटायची आणि दारापुढे बर्फ टिकायचा नाही. सगळ्या रस्त्यावर शोव्हलने बर्फ ओढूनही पांढरं, आणि यांच्या गराजच्या दारापुढे काळी ओली पट्टी. एरवी अशा गळतीला त्यांनी दुसऱ्याचं घर रिजेक्ट केलं असतं. स्वतः आत पाऊल टाकत नव्हते.

जानेवारीत एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले. टोपीवर बर्फ तसाच.

"आज तिने विचारलं नाही," ते म्हणाले.

"झोपेत असतील."

"जागी होती. माझ्याकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. विचारलं नाही."

पुन्हा कधी विचारलं नाही. मी रविवारी जायचे, तेव्हा काका मुद्दाम दारातच थोडे रेंगाळायचे, त्यांना विचारायला वेळ मिळावा म्हणून. काकू शांत पडून असायच्या. माणूस हट्ट सोडतो तेव्हा किती समजूतदार दिसतो. फेब्रुवारीत त्या गेल्या, तिथेच, त्या पलंगावर. पायात निळे मोजे.

दिवसकार्य झालं, मुलगा कॅल्गरीला परत गेला. "डॅड, सेल द हाऊस," असं जाताना दोनदा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला वर बोलावलं. गराजच्या दारात उभे होते. परक्याच्या घरात शिरताना बूट-मोजे काढणारा हा माणूस, आपल्याच उंबऱ्याबाहेर हिवाळी बूट घालून उभा होता.

"बूट काढ," ते म्हणाले. "मोजेपण. आत जा आणि मला सांग."

मी आत गेले. त्या जमिनीवर मी त्याआधी कधी पाय ठेवला नव्हता. तळव्यांना पांढरी भुकटी लागली, आणि मग ऊब वर यायला लागली. उन्हात तापलेली नाही, चुलीची नाही. कुणी नुकतंच उठून गेलेल्या जागेसारखी.

"कसं आहे?"

"गरम आहे."

"सगळीकडे?"

मी खिडकीपर्यंत गेले. तिथे देव ठेवायचे होते. "सगळीकडे."

"ठोका दे."

दिला. त्यांच्याकडे इतकी वर्षं बघून मला येत होता. मी खोटं बोलत नाही, तेव्हाही बोलले नाही. "मधे पोकळ आहे."

"चालता येतंय?"

"येतंय, काका."

"पाय रुततोय?"

"नाही."

त्यांनी बराच वेळ माझ्या पायांकडे बघितलं.

"मग आणायला हवं होतं तिला," ते म्हणाले.

आत न येता त्यांनी दारातूनच हात लांबवून भिंतीवरचं हीटिंगचं बटण बंद केलं. त्या दुपारी पुन्हा बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी कामाला निघाले तेव्हा गराजच्या दारापुढची पट्टी इतर सगळ्यांसारखीच पांढरी होती.